खाटेवरचं जेवण

लढाईची वर्षं होती ती. साताऱ्यात माझं कुंकू पुसलं गेलं आणि भावानं मला सांगलीच्या एका दवाखान्यात नर्सिंग शिकायला आणून सोडलं. "स्वतःच्या पायावर उभी राहशील," म्हणाला आणि पुन्हा कधी फिरकला नाही. पायावर उभी राहिले हे खरं. शिकून झालं, तिथंच नोकरीला लागले आणि दिवसाचे बारा तास उभीच असायचे.

कामात मी कडक होते, जरा जास्तच. आमच्याकडं रोग्यांना खाटेच्या नंबरानं ओळखत. सात नंबरला माण तालुक्यातली एक बाई आली. घरची मेंढरं, नवरा मुंबईला गिरणीत. दिरानं तिला आणून घातलं आणि मेंढरांपायी दुसऱ्या दिवशी तो परतला. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही. आधी खाऊ घाला. ताकद आली तरच गाठ काढू, नाहीतर टेबलावरच जाईल."

आणि ही बया काही खाईना. दुधाचे दोन घोट घ्यायची, बाकी भात, भाकरी, आमटी सगळं तसंच परत. चार दिवस मी तक्त्यावर एकच ओळ लिहिली, 'जेवण नाकारते'. समजावलं, दटावलं, एकदा तर "मरायचंय का तुला?" असंही ओरडले. ती भिंतीकडं तोंड करून पडायची. हट्टी आहे, असं मी ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी ताट उचलायला गेले, तर भाकरीचा घास मोडून कडेला ठेवलेला. म्हणजे भूक होती! मी पहिल्यांदाच तिच्याजवळ स्टुलावर टेकले आणि विचारलं, "का गं जेवत नाहीस?" इतक्या दिवसांत एवढं साधं तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"आवं बाई, अंथरुणावर कसं जेवायचं? माजी सासू अंथरुणावर जेवाया लागली, ती उठलीच न्हाई. मरायला टेकल्यालं माणूस तसं जेवतं. मला जगायचं हाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? लहानपणी गादीवर बसून शेंगा खाल्ल्या म्हणून आईनं पाठीत धपाटा घातला होता. नर्सचा पोशाख अंगावर चढला आणि तो धपाटा मी विसरले.

रोग्याला खाली उतरवायचं नाही असा वॉर्डाचा नियम होता. तरी आयाला हाक मारली. दोघींनी तिला धरून तिच्याच घोंगडीवर जमिनीवर बसवलं, पाठीशी उशी दिली. तिनं हात धुतले आणि चतकोर भाकरी दुधात कुस्करून सावकाश खाल्ली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमी जेवला का? कुटं जेवता?"

"माझ्या खोलीत. खाटेवर."

खरंच, तीन वर्षं मी तशीच जेवत होते. एकटीसाठी खाली ताट-पाणी कोण मांडत बसतं!

तिचा हात ताटातच थांबला. "का वो? तुमाला काय झालंय?"

 ताट घेऊन मी उठले.

मेट्रनची भरपूर बोलणी खाल्ली. पण सात नंबरनं भाकरी खाल्ली हे ऐकून डॉक्टरच म्हणाले, "बसू दे खाली." तेव्हापासून रोज दुपारी मी माझा डबा घेऊन तिच्यासमोर जमिनीवर बसू लागले. सात नंबर म्हणणं सुटलं, नावानं हाक मारू लागले. ती मेंढरांच्या गोष्टी सांगायची, मी ऐकायची. लय हळू जेवता, म्हणून ती मला हसायचीसुद्धा. महिन्याभरानं गाठ काढली. ती वाचली. दीर न्यायला आला तेव्हा दारातून वळून म्हणाली, "बाई, खाली बसून जेवत जावा."

त्या दिवशी खोलीत मी चटई अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला, ताट वाढून घेतलं. समोरची जागा रिकामी. खाटेवर जेवताना मला समोर कुणी नसल्याचं कधी जाणवलंच नव्हतं.  खूप रडले, पण ताटावरून उठले नाही. सगळी भाकरी खाली बसूनच संपवली.