मेजरचं रक्त, आबांचं पाणी

माझा बाप गेला, पण माझ्या घरचं घोटभर पाणी काही प्यायला नाही.

आज आबांचा स्मृतिदिन. दरवर्षी फोटोला हार घालते आणि गप्प बसते. यंदा लिहावंसं वाटलं, त्याला कारण सुनेचा कालचा फोन.

"आई, आज ब्रूनोची ब्लड टेस्ट केली."

"का गं, कुत्रा आजारी आहे का?"

"नाही हो, एकदम फिट. पण निरोगी असला तरी वर्षातून एकदा करायची असते."

फोन ठेवला आणि रडायला आलं. घरात विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून पोटभर रडून घेतलं.

हेच मी सत्तरच्या दशकात ऐकलंय. साताऱ्याला, सासरच्या ओसरीवर. आबांच्या तोंडून.

आबा म्हसवडकडचे. मेंढरं राखणारं घर. मधली काही वर्षं फौजेत, तिथं कुत्र्यांच्या देखभालीवर. रिटायर होऊन आले आणि मेंढरांमागच्या कुत्र्याचं नाव ठेवलं मेजर.

"जलमभर मेजरला सलाम ठोकला. आता मेजर माज्या मागं फिरतोय," म्हणायचे.

तर हे मेजरसाहेब दर चार-दोन महिन्यांनी मालट्रकमधून साताऱ्याला यायचे. जनावरांच्या दवाखान्यात, रक्त तपासायला!

गाव हसायचं. इथं माणसांना डॉक्टर मिळेना, आणि हा धडधाकट कुत्र्याला घेऊन निघालाय.

आबांचं उत्तर ठरलेलं. "फौजेत बऱ्या कुत्र्यांचंबी रगात तपासत्यात. दुखणं आंगावर दिसायच्या आदी रगतात दिसतं."

दवाखान्यातून ते आमच्याकडे यायचे. ओसरीवरच बसायचे.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता.

सासूबाई जिभेच्या तिखट, पण त्यांनाही राहवायचं नाही. "आवं पाव्हणं, उनातनं आलायसा. घोटभर तरी घ्या. आता कोण पाळतंय?"

"ऱ्हाऊ द्या. नातू हुईल तवा जेवूनच जाईन."

मेजरला कसली आलीय रीतभात! मी पितळी भरून ठेवायची, तो लपालपा प्यायचा. आबा कोरड्या ओठांनी त्याच्याकडे बघत बसायचे.

मग मला विचारायचे, "बरी हायस न्हवं?"

"बरी हाय, आबा."

तरी माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

मी बरी नव्हते. घरात मला टोचून कुणी बोलत नसे, पण आळीतल्या डोहाळजेवणांना बोलावणंही येत नसे. मनातलं सांगावं असं त्या गावात एक माणूस नव्हतं.

एकदा मेजरला धरायला मी दवाखान्यात सोबत गेले. डॉक्टरांनी त्याच्या कानाला सुई टोचून काचेवर थेंब घेतला, बघितला आणि वैतागले.

"आबा, गोचीडताप नाही, काही नाही. वर्षातून एकदा आणलंत तरी पुष्कळ. सारखं कशाला आणता?"

आबा हसून माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टरांनीही माझ्याकडे बघितलं. "या कोण?"

"लेक माजी. हितंच दिलीया."

डॉक्टर जरा वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "आणत जा. कधीही आणा."

वाटेत मी आबांना म्हटलं, "कुत्र्याचं निमित्त कशाला? नुसतं यावं की."

"नुसतं आलं की लोकं इचारत्यात, लेकीचं काय बिगडलंय? कुत्र्याचं कोण इचारत न्हाई."

त्यानंतर एका थंडीत आबा गेले. मेजरही त्यांच्यामागं फार टिकला नाही.

माझा मुलगा झाला तो त्यानंतर. पेढा द्यायला बाप नव्हता. त्याचं आजही वाईट वाटतं.

आता या घरात मी एकटीच आहे. मुलगा-सून पुण्यात. दोघं गुणाची आहेत, रोज फोनवर विचारतात, "बरी आहेस ना?" बरी आहे म्हणते. फोनवर तोंड दिसत नाही, तेच बरं.

सकाळपासून ओसरीकडे लक्ष जातंय. एखादा ट्रक थांबला की उगाच उठून बघते.

आज हार आणला नाही. फोटोपुढं तांब्या आणि फुलपात्र ठेवलंय.

आबा, तुमच्या लेकीला लेक झाला. त्यालाही लेक झाला. आता कुठलीच रीत आड येत न्हाई.

लय लांबनं आलायसा. पाणी प्या.