डावीकडचा अक्ष

मृणाल गेल्याचं सांगायला तिच्या भावाचा, श्रीकांतदादांचा, फोन आला तेव्हा मी कर्वेनगरच्या घरी कॉम्प्युटरसमोरच बसले होते. "सकाळी गेली ती," एवढंच ते म्हणाले. मेंदूतली गाठ सापडून जेमतेम चार महिने झाले होते. आता दीड महिना उलटलाय, आणि मी तिला कधीतरी पाठवलेलं एक उत्तर काही केल्या माझी पाठ सोडत नाही...

मृणाल पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेतांतल्या मातीचा ओलावा मोजायची. अशा मोजमापांचे आलेख काढायला आम्ही दोघी एक मुक्त सॉफ्टवेअर वापरायचो, कुणाच्याच मालकीचं नसलेलं, हौशी माणसांनी सांभाळलेलं. वापरता वापरता आम्हीही त्या सांभाळणाऱ्यांत ओढल्या गेलो. लोक अडचणी लिहायचे, आम्ही सोडवायचो. "काहीच चालत नाही," असं कुणी लिहिलं की मृणाल विचारणार, "वीज आहे ना?" आणि मग त्याच माणसासाठी अख्खा रविवार घालवणार. एका विद्यार्थिनीच्या आलेखात पाऊस शून्याच्या खाली जात होता. मृणालने तीन दिवस खपून फाइलमधला एक चुकलेला स्वल्पविराम शोधला आणि तिला कळवलं, "असा पाऊस पुण्यातसुद्धा पडत नाही हो."

गेल्या दिवाळीनंतर तिनेच एक तक्रार नोंदवली. नव्या व्हर्जनमध्ये आलेखाचा डावीकडचा अक्ष गायब होतो, आकडेही दिसत नाहीत. मी तिची फाइल माझ्याकडे चालवून पाहिली. आलेख अख्खा आला. तिने फोन केला.

"अगं, कधी येतो, कधी नाही. वेड लागायची पाळी आलीय."

"जुनं व्हर्जन टाकून बघ."

"सगळं करून झालं गं."

शेवटी पुरावा म्हणून तिने स्क्रीनशॉट पाठवला. 'हे बघ, डावीकडे काही आहे का?' मी पाहिलं. अक्ष होता. शून्यापासून चाळीसपर्यंत सगळे आकडे जागच्या जागी होते. चुकून दुसराच पाठवला असेल, असं वाटलं मला. कामाची घाई होती. "बाई, चष्मा बदला," असं लिहून मी तक्रारीवर शेरा मारला, 'दोष आढळला नाही.' तिने खरंच चष्मा बदलला.

अडीच महिन्यांनी जिना उतरताना ती डावीकडच्या भिंतीवर आदळली, तेव्हा तपासण्या झाल्या. डोळे ठीक होते. गाठीमुळे तिला डावीकडचं दिसतच नव्हतं. आधी कळलं असतं तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. दवाखान्यात तिच्या खाटेशी उभं राहून मी कसंबसं म्हणाले, "मृणाल, तो स्क्रीनशॉट..." तिने माझं बोलणं मधेच तोडलं. "आधी उजवीकडे ये. तिथे तू दिसत नाहीस."

मी खाटेला वळसा घालून उजवीकडे गेले.

गेल्या आठवड्यात तिच्या मोजमापांच्या फाइली घ्यायला सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर गेले. श्रीकांतदादांनी तिची खोली उघडून दिली. टेबल भलंमोठं, पण मॉनिटर अगदी उजव्या कडेला. कीबोर्ड, पेनं, वह्या, सगळी दाटी तिथेच. डावं अर्धं टेबल रिकामं, त्यावर धूळ.

"रोज थोडं थोडं सरकवायची," दादा म्हणाले. "मी विचारलं, तर म्हणे, इकडे बरं दिसतं."

मी तिच्या खुर्चीत बसले. फाइली उतरायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ त्या रिकाम्या बाजूकडे मान वळवायचं मला धाडस झालं नाही.