वसिष्ठातला दुसरा धागा

परवा कपाट आवरताना आप्पांचं धागे मोजायचं भिंग हाती लागलं. त्याला अजून मागाच्या तेलाचा वास येतो. त्या वासासरशी मी थेट कबनूरला, आमच्या मागांच्या खडखडाटात जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी कॅमेऱ्याला झूम लावून सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीचा फोटो काढला होता आणि तो नुकताच धुऊन आला होता. अरुंधती टिपक्यासारखी गोल आली, वसिष्ठ मात्र लांबट. "कॅमेरा हलला, फोटो वाया गेला," म्हणत मी तो फाडणार, एवढ्यात आप्पांनी तो ओढून घेतला आणि कापड तपासतात तसं त्यावर भिंग टेकवलं.

"हलला असता तर दोन्ही बी लांबट आलं असतं की," मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून ते म्हणाले. "ह्यो एक न्हाय. दोन धागं चिकटल्यात."

पुस्तकात पाहिलं, तर वसिष्ठ खरंच जोडतारा!

पुढे चुलत बहिणीच्या लग्नात भटजी अरुंधती दाखवायला लागले, तेव्हा आप्पा भर मांडवात गरजले, "तिथं दोन न्हाय, तीन हायती! माझ्या पोरीनं हुडकलंय!"

मी तेव्हा लाजून मान खाली घातली. आज सांगते, फोटो माझा होता. हुडकलं आप्पांनी.