बळीरामच्या गाडीचा मास्टर सिलिंडर

गॅरेजवाल्याला भुतंखेतं परवडत नाहीत. आवाज आला की बॉनेट उघडायचं, तो कुठून येतो ते शोधायचं, नट आवळायचा. भिवंडी–वाडा रोडला, अंबाडी नाक्यावर, मी आयुष्यभर हेच केलं. इथे लोकांनी लिहिलेले काही अनुभव वाचून मी हसलोही आहे... पण माझ्या हातात जी वस्तू आली तिचं हसू कधी आलं नाही.

२००६ ची गोष्ट. दापोड्याचे पंढरीशेठ माझे जुने स्नेही. त्यांच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली, गाळे भाड्याने गेले. एक गाळा मात्र त्यांनी कुणाला दिला नाही. त्यात त्यांच्या धाकट्या भावाची – बळीरामची – अमेरिकन गाडी ताडपत्रीखाली उभी होती. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन. मुंबईतल्या कुणा परदेशी साहेबाने मायदेशी जाताना विकलेली. बळीराम ती घेऊन नाक्यावर आला की लोक हातातला चहा ठेवून बघायला यायचे.

त्याच गाडीत तो गेला. भर दुपारी, अंबाडीच्या अलीकडच्या वळणावर, चिंचेच्या झाडावर. आदल्या दिवशी गावात हळद होती. आमच्याकडे हळदीला काय चालतं ते सांगायला नको. गावाने ठरवून टाकलं – बळ्याची उतरली नव्हती.

त्याला वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर पंढरीशेठच्या मुलाने, निलेशने, गाडी पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं.

"काका, हिला मसल कार म्हणतात. फॅक्टरीतून निघाली तश्शीच करायची. एक स्क्रू लोकल नको."

"स्क्रू अमेरिकेचा आणि मिस्त्री अंबाडीचा? कसं जमायचं रे?"

"मिस्त्री पन ओरिजिनलच हाय," पंढरीशेठ हसले. "बळ्याच्या गाडीला तुझ्याशिवाय कोनाचा हात लागला न्हाय. आता पन न्हाय लागनार."

मला घाम फुटला. का, ते तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

ब्रेकचं पेडल दाबलं की चारी चाकांकडे तेल ढकलतो तो मास्टर सिलिंडर. त्या गाडीला एकच. तो गेला की सगळे ब्रेक गेले. अपघाताच्या आधी त्याच्या रबरातून तेल गळायला लागलं होतं आणि तसं रबर इथे मिळत नव्हतं. हळदीला पाहुणे आणायचे म्हणून बळीराम घाई करत होता. मी एका जुन्या जीपचा सिलिंडर कानशीने घासून बसवला आणि त्याला म्हणालो, "ओरिजिनलच आहे, दुरुस्त केलाय." अपघातानंतर गाडी ओढून आणली ती मीच. बघतो तर जीपच्या सिलिंडरचा जोड सुटलेला, तेल सगळं सांडलेलं. मी तो काढला. फळीवर ठेवलेला मूळचाही घेतला आणि दोन्ही काल्हेरजवळ खाडीत फेकून दिले. नंतर गाव "दारू, दारू" म्हणत राहिलं आणि मी मान हलवत राहिलो.

काम सुरू झालं. निलेश इंटरनेटवरून एकेक पार्ट मागवायचा, त्यावरचे ओतीव नंबर गाडी बनली त्या महिन्याशी जुळवायचा. शेवटी मास्टर सिलिंडर आला. जुन्या स्टॉकमधला, कधीच गाडीला न लागलेला, फॅक्टरीच्या बंद खोक्यात. सकाळी दहा-साडेदहाचं ऊन गाळ्यात आलं होतं. खोकं मीच फोडलं, मेणकागद सोडला.

"काका, तारीख पण जुळते!" निलेश नाचायचाच बाकी होता.

मी मात्र खालची बाजू बघत होतो. तिथे तीन ठिपके होते.

माझी एक सवय होती. गाडीतून काढलेल्या पार्टवर मी पंचाने, म्हणजे खूण ठोकायच्या पोलादी खिळ्याने, तीन ठिपके ठोकायचो, दुसऱ्या गाडीच्या सामानात मिसळू नये म्हणून. माझ्या पंचाचं टोक तुटकं होतं. ठिपका गोल न उमटता चंद्रकोरीसारखा उमटायचा. खाडीत फेकलेल्या मूळ सिलिंडरवरही ते ठोकलेले होते. हे तिन्ही चंद्रकोरीसारखे होते. आणि सिलिंडर कोराकरकरीत – ना गंज, ना खाडीचा चिखल.

"काय झालं ओ काका?"

"काही नाही. चष्मा पुसतो."

मी तो बसवला. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात: एक गाडीखाली, एक पेडलवर. बळीरामची बायको, यशोदावैनी, तेवढ्यात चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "मी बसते. ते पन बसायचे ना तुमच्यासाठी?"

मी खालून "दाबा" म्हणायचो, त्या दाबायच्या. चारी चाकं झाली. मी बाहेर आलो तेव्हा त्यांचा पाय पेडलवरच होता.

"भाऊ, त्या दिवशी पन ब्रेक असाच घट्ट व्हता ना?"

सगळं सांगायची वेळ ती होती. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "होय वैनी. असाच."

त्या उतरल्या, कप गोळा केले आणि गेल्या. त्या खोट्याने मला पहिल्यापेक्षा जास्त जाळलं. पहिल्या वेळी मी भ्यालो होतो. या वेळी कशाची भीती होती?

गेल्या वर्षी एकदाचा त्यांच्या पडवीत जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. जीप, खाडी, ठिपके. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"मना काय सांगताव? मी कवा बोलले ते पिऊन व्हते? गाव बोलला. गावाला सांगा."

पुढच्या हळदीला दापोड्यात मांडवात उभा राहिलो, गाणी बंद करायला लावली आणि सांगितलं. पंढरीशेठ हातातला ग्लास खाली ठेवून निघून गेले. अजून बोलत नाहीत. बरोबरच आहे. गाव सोडून गेलेल्यांपर्यंत पोचावं म्हणून इथे लिहितोय.

ठिपक्यांचं म्हणाल तर ते पुसले गेले नाहीत. मध्यंतरी निलेशने गाडी दाखवली तेव्हा बोट फिरवून बघितलं, तसेच आहेत. माझा पंच अमेरिकेला कधी गेला नाही, आणि खाडीतलं लोखंड असं कोरं होऊन परत येत नाही. मला उलगडा होत नाही. कुणाला होत असेल तर सांगा... पण आधी एवढं लक्षात ठेवा – बळीराम त्या दुपारी शुद्धीत होता. त्याने ब्रेक दाबला होता.