चौकशीच्या खिडकीतले काका

फोन वाजला की काका आधी शर्टाची वरची गुंडी लावायचे. मग घसा साफ करायचे आणि मग म्हणायचे, "चौकशी. बोला."

मी एकदा विचारलं, "काका, फोनवरच्या माणसाला गुंडी दिसते का?"

"त्याला नाही दिसत. मला दिसते ना."

स्वारगेटला एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी झाली. कुठली गाडी कुठे लागते, सुटली का, किती उशीर आहे, हेच सांगत आयुष्य गेलं. रिटायर झाले आणि पाठोपाठ काकू गेल्या, मूलबाळ नव्हतं, तर आमच्या गल्लीच्या टोकाला एका खोलीत एकटे राहायचे. तुमच्याकडेही असेल असं कोणीतरी, ज्याला दिवसभर कोणी काहीच विचारत नाही. काका म्हणायचे, "सगळी नोकरी लोकांनी मला विचारलं. आता मी विचारतो."

विचारायचे ते मोबाईलवर. फेसबुकवर आमच्या वॉर्डाचं एक पान आहे, त्याच्यावर लोक सकाळी फुलं टाकतात, शुभ सकाळ, आणि नगरसेवक साहेबांचे सत्काराचे फोटो. त्या सगळ्याच्या मधे काकांचा अर्ज. सस्नेह नमस्कार, दिवे का बंद आहेत, कचऱ्याची गाडी का येत नाही, आणि शेवटी आपला विश्वासू, पूर्ण नाव, घराचा पत्ता, मोबाईल नंबर. मी आठवीपर्यंतच शिकले, पण मलासुद्धा कळत होतं की असं टाकायचं नसतं.

"काका, नंबर नका टाकू. कोणीही फोन करेल."

"करू दे की. त्यासाठीच टाकलाय."

आणि करायचे लोक. एकदा लोनवाल्या मुलीचा आला. काका म्हणाले, "लोन नको. तुम्ही जेवलात का?" तिने कट केला. काका कितीतरी वेळ फोनकडेच बघत बसले.

मी यवतमाळकडची. लग्न होऊन इथे आले, हे खराडीला एका आयटी कंपनीच्या गेटवर गार्ड, सकाळचे गेले की अंधार पडल्यावरच येणार. घरात मी आणि बाळ. बाळ रांगायला लागलं आणि माझा जीवच उडाला, कारण आमच्या उंबऱ्याला लागून उघडं गटार, चांगलं रुंद, काळं, तळ दिसत नाही. मी भाकरी टाकायला बसले की बाळाच्या कमरेला ओढणी बांधायची आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. आणि तरी दर मिनिटाला मागे वळून बघायचे.

काका एकदा दारावरून चालले होते, थांबले. "याला का बांधलंय? काय गुन्हा केला?"

"गटार आहे ना काका."

वाकून गटाराकडे बघितलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी मोबाईल हातात धरून जवळजवळ पळतच आले. "बाळाच्या आई, तुमच्या दारात गटार नाहीये."

"म्हणजे?"

"वॉर्ड ऑफिसच्या वेबसाईटवर लिहिलंय. या गल्लीतलं गटार झाकलं, काम पूर्ण. तुम्ही उगाच घाबरता. सोडा त्याला."

मला खरंच समजेना, मी बाळाला अजूनच घट्ट धरलं. तेव्हा काका हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघितलं.

मग त्यांनी फोटो काढला. माझं दार, पुढे गटार, दारात मी, कडेवर बाळ. खाली वेबसाईटवरची ओळ जशीच्या तशी लिहिली आणि वॉर्डाच्या पानावर टाकला. तो फोटो कुठल्या कुठे गेला, माहिती नाही, पण नळावरच्या बायकांनीही बघितला होता.

संध्याकाळी मोटरसायकलवर साहेबांकडचे दोघं आले. काकांच्या दारात नाही, माझ्या. "वहिनी, फोटो छान आलाय. खोली भाड्याची ना?" बस, एवढंच बोलले आणि गेले. मी कडी लावली. पाठोपाठ घरमालकीण आली, "तो फोटो काढून टाकायला लाव, नाहीतर खोली सोड."

मी बाळाला उचललं आणि तशीच अनवाणी काकांकडे पळाले. "काढून टाका हो काका तो फोटो, आम्हाला दुसरीकडे कोण ठेवणार, पाया पडते."

काकांनी चष्मा लावला, हे दाबलं, ते दाबलं. त्यांना टाकता यायचं, काढता येत नव्हतं. मला तर दोन्ही येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "थांबा," आणि एका बोटाने लिहायला लागले, मोठ्याने वाचत: "वरील फोटोतील बाईंचा तक्रारीशी काही संबंध नाही. त्या या दारात उभ्या आहेत, कारण ते त्यांचं दार आहे. तक्रारदार मी एकटाच. ज्यांना यायचं त्यांनी माझ्याकडे यावं. खूण, पाण्याच्या टाकीमागे. दार ढकललं की उघडतं."

"अहो काका, असं लिहितात का कुठे?"

"पत्ता अर्धवट दिला की लोक चुकतात. गाडी चुकलेली माणसं फार बघितलीत मी."

मी तिथे असतानाच फोन वाजला. गुंडी लावली. "चौकशी. बोला." पलीकडून शिव्या, मलासुद्धा ऐकू येत होत्या. काका म्हणाले, "हो, मीच. आपलं पूर्ण नाव सांगता का?" कट झाला. त्यांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "चहा घेणार? दूध नाहीये, कोरा चालेल?"

मग खरंच वॉर्ड ऑफिसची माणसं आली, सिमेंटची झाकणं घेऊन. पण टाकली फक्त माझ्या दारासमोर. आणि वर त्यांच्या मुकादमाने तिथेच उभं राहून फोटो काढला आणि वेबसाईटवर आलं, तक्रार निकाली.

काका कमरेवर हात ठेवून बघत होते. "फोटोत बसलं तेवढं झालं. माझा मोबाईल जरा रुंद हवा होता."

"मग तुमच्या दाराचा पण टाका की फोटो."

"माझ्या दारात कोण रांगतंय?"

मी बाळाची ओढणी सोडली. त्या झाकणांवरच तो उभा राहायला शिकला, आणि मी निवांत भाकऱ्या भाजल्या.

काही महिन्यांनी काका सकाळी दूध आणायला निघाले आणि स्वतःच्याच दारात पाय गटारात गेला. खुब्याचं हाड मोडलं. लोणी काळभोरहून पुतण्या टेम्पो घेऊन आला. काकांना गादीसकट आत ठेवलं, तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "किल्ली तुमच्याकडे ठेवा. कोणी विचारायला आलं तर सांगा."

"काय सांगू?"

"आहेत म्हणून सांगा."

कोणी आलं नाही. मी फोन करायचे, आधी काका उचलायचे, मग पुतण्या, मग एक दिवस पुतण्याच म्हणाला, "ताई, काका गेले."

तो फोटो अजून त्या पानावर आहे, काढता कोणाला येतो? काकांचा स्वतःचा फोटो कुठेच नाही, पानावर नावापुढे फोटोच्या जागी जास्वंदीचं फूल लावलेलं. पण परवा मी नीट बघितलं. गटारावर सावली पडलीय, लांब, बारीक, दोन्ही कोपरं वर करून मोबाईल धरलेली. मी बाळाला म्हटलं, "हे बघ, आजोबा." त्याने सावलीवर बोट ठेवलं. स्क्रीन सरकली, आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या.