खांद्याला बसेल असा दस्ता

रायफलीचं वजन वाढत नसतं. मी तेव्हा शाळेत पोरींना विज्ञान शिकवत होते. वजन म्हणजे काय, हे वर्षातून चारदा फळ्यावर लिहून देत होते. आणि घरी आले की बाबा म्हणायचे, "यंदा बंदूक जड झाली वं." मी म्हणायचे, "हो का?" दुसरं काय म्हणणार, डोंबल?

बाबा शिकारी होते. हौसेचे नव्हे, पोटासाठीचे. साठच्या दशकात नागपुरात शिकारीच्या कंपन्या चालायच्या. हिवाळ्यात परदेशातले साहेब उतरायचे, कंपनी त्यांना जीपमध्ये घालून जंगलात न्यायची आणि सोबत एक माहितगार माणूस द्यायची. आमच्या कंपनीचा तो माणूस म्हणजे बाबा. साहेबाला जनावर दाखवणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम पुढं असायचं. साहेबाची गोळी वेडीवाकडी लागली आणि जनावर जखमी होऊन झुडपात शिरलं, की त्याच्या मागं पायी जाऊन त्याला संपवायचं. तिथं साहेब जात नसत, बाबा जात. एकटे. झुडपातून जनावर अंगावर आलं की रायफल खांद्याला लावायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ माणसाच्या हातात असतो. ज्याची रायफल उठत नाही त्याला कोणती कंपनी ठेवेल? कोणीच नाही. ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या हिवाळ्यात एक रानडुक्कर जखमी होऊन बाबांवर उलटलं आणि बाबांची रायफल छातीच्या वर आलीच नाही. त्या खेपेचा साहेब नेमका हट्टानं मागोमाग आला होता, त्यानं गोळी घातली म्हणून बाबा घरी आले. परतताना जीप खड्ड्यात आदळली, रायफल खाली पडली आणि तिचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता मुठीपाशी उभा चिरला. माझी खात्री आहे, तो चिरलेला दस्ता पाहून बाबांना बरं वाटलं असणार. कारण सापडलं. डुकराची गोष्ट आधीची आणि दस्ता चिरल्याची नंतरची, पण बाबा लोकांना सांगताना बेमालूम अदलाबदल करायचे. "दस्ताच गेला होता ना गा, मंग बंदूक कशी उठन?" ऐकणारे मान हलवायचे. आम्हीही हलवायचो.

तो साहेब अमेरिकेचा. भला माणूस. त्याची रायफल बाबांच्या रायफलीच्याच बनावटीची होती, आणि आपल्या हवेत लाकूड फुगतं असं कोणीतरी सांगितल्यामुळं त्यानं येताना फायबरचा एक जास्तीचा दस्ता आणला होता. काळा, गुळगुळीत, हातात घेतला तर काही घेतलंय असं वाटू नये इतका हलका. जाताना तो बाबांना देऊन गेला. बाबांनी त्याचे आभार मानले, घरी आणला, जुन्या धोतरात गुंडाळला आणि ट्रंकेत टाकून दिला. "प्लास्टिक आहे," म्हणाले. जातीबाहेर टाकल्यासारखं.

होळीच्या सुमारास बाबांच्या हातातून चहाची बशी सुटायला लागली. अंगठ्याच्या बुडाशी हाताला जो फुगीर मांसल भाग असतो, तो बसला. मी त्यांना दवाखान्यात नेलं. बाबांनी डॉक्टरांनाही दस्त्याचीच हकिकत सांगितली. डॉक्टर तरुण होते, शांतपणे ऐकलं त्यांनी. मग बाबा शर्ट घालत असताना मला बाहेर व्हरांड्यात बोलावून म्हणाले, हातांच्या नसा मरत चालल्या आहेत. आधी हात, मग पाय, मग घास गिळणं. औषध नाही. मी विचारलं, "मुंबईला नेलं तर?" ते म्हणाले, "प्रवासाचा त्रास होईल त्यांना." एवढं स्पष्ट सांगितलं त्यांनी, आणि त्याबद्दल मी आजही त्यांना दोष देत नाही. तेव्हा मात्र त्यांचं तोंड पाहवेना.

आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी तव्यावर टाकली, फिरवली, शेकली, आणि मग म्हणाली, "त्याईले सांगू नको."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात आजाराचं नाव निघालं नाही. निघालं ते दस्त्याचं. सकाळी दस्ता, जेवताना दस्ता. लाकडाचा करायचा की साहेबाचा काळा बसवायचा? शेजारी यायचे तेही मत देऊन जायचे. ज्यांनी जन्मात बंदूक धरली नव्हती ते सांगायचे, फायबर चांगलं, पावसात फुगत नाही. कोणी म्हणायचं, छे, लाकूड ते लाकूड. असं वाटायचं की हा एक प्रश्न सुटला की सगळं सुटेल. मी सुद्धा भांडायचे हो. मला माहीत असून भांडायचे.

आई फायबरच्या बाजूची. तिनं तो काळा दस्ता ट्रंकेतून काढून साबणानं धुतला, पुसला आणि बाबांच्या पुढं ठेवला. "हलका आहे ना? मंग काहून अडून राहिले तुम्ही? पितळेच्या बादल्या नाही का टाकल्या मी? आता प्लास्टिकच्यानंच पाणी भरतो ना?"

"बादली घेऊन वाघाच्या मांगं जाऊ काय मी?" बाबा म्हणाले.

"बादली तरी उचलता का कधी?" आई बोलून गेली, आणि लगेच उठून आत गेली. तिचं ते वाक्य नेहमीच्या भांडणातलं होतं. पण आता ते तसं राहिलं नव्हतं.

शेवटी बाबांनी कामठीचे मिस्त्री बोलावले. छावणीत बंदुकांचं लाकूडकाम केलेला म्हातारा माणूस, तोंडात पान, आणि बोलायला लागला की बस चुकेपर्यंत बोलणारा. वेळेवर काम दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं, पण बाबांचा त्यांच्यावर जीव. त्यांनी काळा दस्ता हातात तोलला, उलटसुलट केला, नखानं टकटक केली. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"हलका है," ते म्हणाले, "फट से उठेगा. लेकिन गोली छूटी तो कंधा तोडेगा. वजन जो है ना, वही धक्का खाता है. वजन नहीं तो धक्का आदमी खाएगा."

"आणि लाकडाचा?" मी विचारलं.

"वो धक्का खा लेगा, बेटी. पर पहले उठाना तो पडेगा."

बाबांचा हात मांडीवर होता आणि मिस्त्री त्या हाताकडं पाहत होते. मला तेव्हाच सगळं कळलं. जो दस्ता उचलता येईल तो सोसवणार नाही, आणि जो सोसवेल तो उचलता येणार नाही. दोन वाटा दाखवायच्या आणि दोन्ही बंद ठेवायच्या. असा राग आला मला, पण काढणार कोणावर? साहेबावर? लाकडावर?

"लाकूडच," बाबा म्हणाले. "दसऱ्याले पाहिजे."

दसऱ्याला का, तेही सांगते. दसऱ्याला आमच्या अंगणात रायफलीची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. पूजा झाली की बाबा रायफल उचलून एकदा खांद्याला लावायचे, नुसतीच, आभाळाकडं, गोळी न घालता. कंपनीचे मालक सोनं द्यायला त्याच वेळी यायचे. ते पाहायचे, हसायचे आणि म्हणायचे, "मग, दिवाळीनंतर निघू." झाला त्या सालचा करार. कागद नाही, काही नाही. बाबांचं पुढचं सगळं वर्ष त्या एका उचलण्यावर ठरायचं.

लकडगंजला लाकूड निवडायला मी बाबांबरोबर गेले. टालवाल्यानं शिसवाच्या फळ्या काढून दाखवल्या. बाबा वाकून, कान लावून, बोटाच्या पेरानं ठोकून पाहत होते. दोन तास घालवले आणि सगळ्यांत जड फळी निवडली. मी म्हटलं, "बाबा, सागाची घ्या ना, हलकी पडेल." ते म्हणाले, "तुले काय समजते वं त्यातलं? साग मुठीपाशी उलते." फळी रिक्षात ठेवायची वेळ आली तेव्हा बाबांना एकदम टालवाल्याच्या मुलाच्या लग्नाची चौकशी करावीशी वाटली. हमालानं फळी ठेवली. मग बाबांची चौकशी संपली.

मिस्त्रींनी माप घेतलं. कोपराच्या आतून घोडा ओढणाऱ्या बोटापर्यंत, गालाच्या हाडापासून खांद्यापर्यंत. खांद्याच्या खळग्यात तळवा दाबून पाहिला. तयार दस्ता सगळ्या जगाला एकच असतो, हा मात्र तुमचाच, दुसऱ्या कोणाला बसणार नाही, असं म्हणाले. बाबा खूश होते. त्या रात्री त्यांनी पोटभर जेवण केलं. आईनं घास लहान केले होते, ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला ठाऊक नाही.

पावसाळ्यात काम थांबलं. मिस्त्री निरोप पाठवायचे, लाकूड ओल धरतंय, घाई केली तर वाकडं होईल. इकडं बाबांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. आई लावून द्यायची आणि ते तिला तेवढा वेळ दस्त्याबद्दल सांगत राहायचे.

नवरात्रात मिस्त्री दस्ता घेऊन आले. खरं सांगते, असं सुंदर काम मी पाहिलं नाही. गडद लाकूड, आत काळ्या रेषा, तेल पाजून पाजून आलेली चकाकी. त्यांनी तो बाबांच्या खांद्याला टेकवून पाहिला आणि मिस्त्रींचा चेहरा पडला. उन्हाळ्यात ज्या खांद्याचं माप घेतलं होतं तो खांदा आता तिथं नव्हता. नुसतं हाड. दस्त्याचं टोक त्यावर बसेना, घसरायचं. मिस्त्रींनी कानस काढली आणि अंगणात बसून इतकं निगुतीनं केलेलं काम घासायला लागले. मध्येच उठून पुन्हा लावून पाहायचे, पुन्हा घासायचे.

"माप चुकलं काय गा, मिस्त्री?" बाबांनी विचारलं.

"हां," मिस्त्री म्हणाले. "गलती हो गई मेरी."

दसऱ्याला पूजा झाली. अंगणात शेजारपाजारचे लोक, मिस्त्री, आणि खुर्चीवर कंपनीचे मालक, हातात आपट्याची पानं. बाबांनी पांढरा सदरा घातला होता. ते रायफलीपाशी गेले, वाकले, दोन्ही हातांनी ती उचलली. कमरेपर्यंत आली. तिथं थांबली. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. सगळे पाहत होते आणि कोणालाच दुसरीकडं कुठं पाहावं ते सुचत नव्हतं. आई तुळशीकडं तोंड करून उभी राहिली.

बाबांनी रायफल खाली ठेवली. "तो काळा लावा," म्हणाले.

मिस्त्रींनी तिथंच बसून पेचकस फिरवला, शिसवाचा दस्ता काढला, काळा चढवला. लोक थांबले. मालक जमलेल्यांची विचारपूस करत राहिले. बाबांनी पुन्हा रायफल उचलली. ह्या वेळी छातीपर्यंत आली. तेवढीच. मग हात आपोआप खाली आले, आणि मिस्त्रींनी धावत जाऊन रायफल धरली, नाहीतर पायावर पडली असती.

मालक उठले. वाईट नव्हते ते. बाबांच्या हातात सोनं ठेवून, त्यांची बोटं त्यावर मिटवून म्हणाले, "भाऊ, यंदा तुम्ही कॅम्पवर बसा. शेकोटीपाशी साहेबलोकांना गोष्टी सांगा. मागं जायला दुसरा पाहतो मी."

"दस्ता झाला की येतो मी," बाबा म्हणाले.

"हो हो, या ना," मालक म्हणाले आणि गेले. शेजारीही पांगले.

बाबा ओट्यावर बसले. थोड्या वेळानं मिस्त्रींना म्हणाले, "शिसवाचंच चुकलं. सागाचा करून पाहू काय? सागात वजन बरोबर बसन."

"करेंगे ना," मिस्त्री म्हणाले. "माप लेता हूँ."

आणि बाबांनी हात पुढं केला. उजवा हात, डाव्या हातानं खालून उचलून धरलेला. मिस्त्री कोपरापाशी दोरी लावायला लागले आणि मला राहवलं नाही. सहा महिने दाबून धरलेलं बाहेर पडलं. "बाबा," मी म्हटलं, "दस्त्यात काही नाहीये."

मिस्त्री तसेच थांबले, दोरी धरून. आई दारातून माझ्याकडं अशी पाहत होती, जणू मी तिला मारलंय.

बाबांनी मान वर केली. रागावले नाहीत. "मले काय समजत नाही वं?" ते म्हणाले. "पण हाताले मिस्त्री कोठून आणू मी?"

मग त्यांनी मिस्त्रींना खुणेनं माप घ्यायला सांगितलं, आणि मला म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना तुले? ऊन व्हायच्या आधी लकडगंजले जाऊन येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो.