वडाखालचा सरकारी दगड

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. भजनाला बसलं की दुसऱ्याचं काही बोलायचं नाही. ना सुनेचं, ना जावेचं, ना सरकारचं. देवाच्या कृपेने नेम पार पडला. पण न बोललेलं जाईल कुठं? बाकीच्या बायका बोलत, मी टाळ धरून ऐकत असे, आणि सगळं पोटात साठत असे. कार्तिकात नेम सुटला तेव्हा किस्से इतके झाले होते, की एक सांगायला घेतला की मागचे तीन आपोआप बाहेर यायचे!

त्यातला हा एका वडाचा. साल मोठ्या दुष्काळाच्या आधीचं. काष्टीच्या बाजाराला पायी जाऊन यावं इतक्या अंतरावर आमचं गाव. आमचे हे तिथं शाळेत मास्तर. आम्हा बायकांचं भजन मारुतीच्या देवळात. त्यात हिराकाकी म्हणजे जिभेला धार. आणि येसूबाई म्हणजे अगदी उलट, विचारलं तरी एका शब्दात उत्तर.

वड येसूबाईच्या बांधावर. त्याच्या एका अंगाला तिची विहीर, दुसऱ्या अंगाला बैलांची दावण. मालक तरुणपणीच गेले, तेव्हापासून तिचा दिवस त्या झाडाखालीच उगवायचा आणि मावळायचा. आणि विजेची मोठी लाइन नेमकी त्या वडावरून जायची होती. लाइन आली की वड तोडायचा, हे ठरलेलंच.

*

आधी चावडीवर नोटीस लागली. लाइन कुठून कुठे जाणार, कुणाकुणाच्या शेतावरून जाणार, कुणाची हरकत असेल तर कळवावी, असं सगळं. भाषा अशी, की चावडीपुढे उभं राहून वाचणारा माणूस काही न कळता तसाच घरी जायचा.

शेवटी एकादशीला भजन आटोपल्यावर बायका म्हणाल्या, "मास्तर, तुमीच वाचून दावा."

ह्यांनी नोटिशीची नक्कल उतरवून आणली होती. देवळात समईजवळ बसून सावकाश वाचली. देऊळ, समई, वाचणारे मास्तर! बायकांनी सवयीने पदर सावरला, हात जोडले. वाचून झालं तरी कुणी उठेना.

हे म्हणाले, "संपलं."

हिराकाकी म्हणाली, "असं कसं संपलं? फळ न्हाई सांगितलं!"

कुठल्याही व्रताची पोथी वाचली की शेवटी ऐकणाराला काय फळ मिळेल ते सांगतातच. ह्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "फळ शहरातल्या कारखान्यांना. आपल्याला श्रवणाचं पुण्य!"

येसूबाईने एवढंच विचारलं, "वडाचं काय लिवलंय?"

वडाचं त्यात काहीच नव्हतं.

*

ज्येष्ठात वटपौर्णिमा आली. आम्ही बायका भल्या सकाळी वडाशी गेलो. येसूबाई पूजेला येत नसे, पण आमच्या कळशांना पाणी तिच्याच विहिरीचं. ते ती स्वतः शेंदून द्यायची आणि दावणीपाशी जाऊन उभी राहायची.

पाहतो तर बुंध्याजवळ जमिनीत रोवलेला एक दगड, वरून लालभडक! आदल्या दिवशी येसूबाई काष्टीच्या बाजाराला निघाली, तेव्हा तिथं काही नव्हतं.

हिराकाकीने हात जोडले. "बया! ह्यो कवा वर आला?"

शेंदूर दिसतोय म्हणजे देवच. कुणी हळदीकुंकू वाहिलं, कुणी आंबा ठेवला, सुताचे फेरे वडाबरोबर दगडालाही पडले. मीही दोन अक्षता टाकल्या. पुढे कुणीतरी तीन विटा उभ्या केल्या, कुणी नारळ फोडला. आषाढ सरेपर्यंत देवाला नवसही सुरू झाले. एकीचं रेडकू दूध पिईना, ते म्हणे नवस बोलल्यावर प्यायलं!

आणि श्रावण लागताना सायकलवरून वीज खात्याचे ओव्हरसियर आले. चांगला पोरगेला माणूस, अंगात खाकी पँट. वडाखाली येऊन ते जागीच थबकले.

"अहो बाई, हा माझा दगड आहे! लाइनीची खूण म्हणून मी रोवलाय! तांबडा रंगही माझाच!"

हिराकाकी म्हणाली, "मंग लई बरं झालं. पुजारी सापडला! सांजच्याला दिवा लावायला येत जावा."

*

हरकती ऐकायला नगरहून मोठे साहेब आले. बैठक शाळेत. वर पत्रा, श्रावणाचं ऊन, वारा कसला नाही. साहेब शांत स्वभावाचे. म्हणाले, "लाइनीमुळे तुमचं काय काय बिघडणार, ते मोकळेपणाने सांगा. झाडं, विहिरी, गुरं, सगळं सांगा. मी लिहून घेतो."

पहिलाच गडी उठला. "साहेब, तार आमच्या डोक्यावरून जानार. मंग आमच्या घरात उजेड पडंल का?"

साहेबांनी समजावलं, की ही मोठ्या दाबाची लाइन. ती मधल्या गावांना वीज देत नाही, थेट पुढे जाते.

मागून हिराकाकीचा आवाज आला, "म्हंजी वरात आमच्या दारावरनं, आन् जेवायचं आवतान न्हाई!"

साहेब स्वतःच हसले. मग रुमालाने मान पुसत म्हणाले, "इथं फार उकडतंय. असं करू, ते झाडच पाहू या. बाकीचं तिथं ऐकतो."

*

वडाखाली घोंगडी अंथरली. गार वारा. साहेबांनी कोटाची बटणं सोडली, येसूबाईच्या विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायले आणि मांडी घालून बसले. एकेक माणूस आपलं गाऱ्हाणं सांगत होता. कुणाचा गोठा तारेखाली येत होता, कुणाच्या लिंबोणीच्या बागेत खांब. साहेब सगळं ऐकत होते. शाळेत घड्याळ पाहणारा माणूस इथं जेवणवेळ टळली तरी हलेना!

त्यांच्या कारकुनाने समोर कागद पसरले होते. वर वटवाघळं लटकलेली, वडाची फळं पिकलेली. मधेच फांदीवर काहीतरी चुळबुळ झाली आणि थपकन् कागदावर पडलं.

कारकून किंचाळलाच. "साहेब, घाण केली!"

हिराकाकी म्हणाली, "घान न्हाई ती. वरच्यांची बी हरकत आली. शिक्क्यासकट!"

साहेबांनी तो कागद दोन बोटांनी बाजूला ठेवला आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा, झाडावर वटवाघळांची मोठी वस्ती आहे." कारकुनाने तोंड वाकडं करून लिहिलं.

*

येसूबाईची पाळी आली. ती बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

साहेब म्हणाले, "आजी, झाडाची भरपाई मिळेल तुम्हाला."

"बैल बसंल का तिच्या सावलीत?"

साहेबांनी मान वर करून झाडाकडे पाहिलं.

"नुसता शेंडा छाटला तर?" ओव्हरसियरांनी मधे विचारलं.

साहेबांनीच मान हलवली. "एवढ्या दाबाच्या तारेखाली एवढं झाड ठेवता येत नाही. राहील तर अख्खं, नाहीतर नाही."

येसूबाई म्हणाली, "मंग अख्खं ऱ्हाऊ द्या."

तिची हरकत एवढीच. साहेब उठले, बांधाबांधाने दूरवर चालत गेले, परत आले. म्हणाले, "पलीकडचा मुरमाड माळ गावाच्या गायरानाचा आहे. तिथं ना झाड, ना विहीर. लाइन तिकडून थोडी वळवता येईल. लिंबोणीची बागही वाचेल. सरपंच, गावाची हरकत?"

गावाची कसली हरकत! बायकांनी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. येसूबाईने बैलाच्या पाठीवर थाप मारली.

साहेब ओव्हरसियरांना म्हणाले, "हा दगड काढून तिकडे रोवा," आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

*

आता खरी पंचाईत झाली. ओव्हरसियरांनी विटा बाजूला करायला हात घातला, तोच चार माणसं आडवी आली.

"देवाला हात लावायचा न्हाई!"

"अहो, दगड आहे तो!"

"आदी हुता. आता पावतो!"

ओव्हरसियरांनी हात जोडले. "दगड इथं राहिला तर वड वाचणार नाही हो! खांब उभारणारी टोळी वेगळी असते. ती कागद बघत नाही, दगड बघते. दगड जिथं, तिथं खांब!"

वड राहावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण पूजलेला दगड उपटायला कुणी पुढं होईना. ज्याने हात लावला त्याच्या घरात काही झालं तर? येसूबाई एकदा वडाकडे बघे, एकदा दगडाकडे. तिचा चेहरा मला बघवेना. झाड वाचवलं माणसांनी, आणि घालवणार होती आमची भक्ती!

मी ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "गणपती आणतो तसा पोचवतोही ना आपण? नेमाचं उद्यापन असतं. मग ह्या देवाची उत्तरपूजा का नाही?"

ह्यांनी वाकून दगड नीट पाहिला. मग म्हणाले, "करता येईल. पण पूजेला बसायचं कुणी? ज्याने स्थापना केली, त्याने."

सगळ्यांच्या माना ओव्हरसियरांकडे वळल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसियर न्हाऊन आले. खाकी पँटवर आमच्या ह्यांचं उपरणं. पाटावर बसवले. पाणी येसूबाईने शेंदून आणलं आणि नेहमीसारखी दावणीकडे निघाली. मी म्हटलं, "येसूबाई, इथं बसा. अक्षतांची वाटी कोण धरणार?" ती घुटमळली, मग वाटी घेऊन बसली.

हे सांगत होते, ओव्हरसियर करत होते. गंध, फूल, धूप, गूळखोबरं. एवढ्या निगुतीने, की हिराकाकीसुद्धा गप्प होती. शेवटी ओव्हरसियरांनी मुठीत अक्षता घेतल्या आणि हे मंत्र म्हणू लागले. सगळं झालं, आणि अगदी शेवटाला "पुनरागमनाय..." एवढं तोंडातून निघालं.

"थांबा, थांबा मास्तर!" हिराकाकी ओरडली. "ह्ये म्हंजी काय?"

"म्हणजे देवा, पुन्हा परत या."

"अगं बाई! त्येवढं गाळा!"

ह्यांनी जन्मात कधी मंत्रातलं अक्षर गाळलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही कुठल्या व्रतात कधी काही कमी होऊ दिलेलं नाही. मी वडाकडे पाहत राहिले.

ह्यांनी खाकरून शेवटची ओळ तेवढा शब्द गाळून पुन्हा म्हटली आणि म्हणाले, "टाका अक्षता."

ओव्हरसियरांनी अक्षता टाकल्या, दगड दोन्ही हातांनी हलवला, उपटला, उपरण्यात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधला. सायकल हातात धरून विचारलं, "आजी, अजून काही राहिलं का?"

येसूबाई वाटी घेऊन तशीच बसलेली होती. म्हणाली, "म्होरच्या गावाला गेलास की आदी तिथल्या झाडाखाली बस, बाबा. बायांना इचार. मंग दगड रोव. आन् चुकून कुटं देव झालाच, तर असंच पाटावर बसून त्याला उठीव."

"हो आजी."

"आन् तिथं बी," हिराकाकी म्हणाली, "त्येवढं गाळ!"